तो एक शब्द काढून टाक

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेखाचं कात्रण मिळालं. टँकरच्या खोट्या फेऱ्यांचा हिशेब तू गावोगाव फिरून काढलास, वाचून ऊर भरून आला. पण शेवटचं 'भ्रष्टाचार हा समाजाला जडलेला महारोग आहे' हे वाक्य मात्र घशाखाली उतरेना. तीन दिवस घोळवून आज लिहायला बसलोय.

आमची आत्या आठवते ना? परसातल्या खोलीत राहायची, चहाचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. तिला कुष्ठरोग झाला होता, लोक ज्याला महारोग म्हणतात तोच. तुलासुद्धा कधी सांगितलं नाही, कारण घरात त्याचं नाव काढायचीच बंदी होती.

१९९३ साल. आपण दहावीत होतो. तिच्या कोपराखाली फिकट चट्टा होता, त्याला स्पर्श कळायचा नाही. एकदा भाकरी करताना करपट वास आला. तव्यावरची भाकरी ठीक होती. करपत होतं ते आत्याचं बोट. तिला चटका कळलाच नव्हता. बोटं जातात ती अशी. जंतू नसा मारतो, दुखणं कळत नाही, जखमा चिघळत राहतात. आणि आपल्याकडे भांडणात सहज म्हणतात, 'हात झडतील तुझे!' आत्यानं कुणाचं काय वाईट केलं होतं रे?

सरकारी दवाखान्यातल्या फुकट गोळ्या तिनं दोन वर्षं न चुकता घेतल्या. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण होण्याची भीती उरत नाही. पण त्यातल्या एका औषधानं कातडी काळवंडते. ती बरी होत होती, आणि गल्लीतले म्हणत होते, रोग वाढला. सासरच्यांनी तेव्हाच घटस्फोट घेतला. कायदाही त्यांच्या बाजूचा. घटस्फोटाचं हे कारण कायद्यातून निघालं ते २०१९ साली. तोवर आत्या सत्तरीला आली होती.

लोकांना शिसारी यावी म्हणूनच तू तो शब्द वापरलास ना? ती शिसारी टँकरवाल्यांवर टाकलीस, पण उचललीस कुणाच्या अंगावरून? त्याजागी 'कॅन्सर'ही घालू नकोस. चोरीला चोरी म्हण. तुझ्याकडे फेऱ्यांचे आकडे आहेत, ते पुरेसे आहेत.

रविवारी वाचनालयात तू हाच लेख वाचणार आहेस. आत्या यायचं म्हणतेय. कात्रण मी तिला वाचून दाखवलं, शेवटचा परिच्छेद सोडून.

तुझा,
श्रीकांत