कुलचिन्ह कोणाचं?

ती. आई-बाबांना, साष्टांग नमस्कार.

बाबा, आडनाव कळवलं की घराण्याचं चिन्ह कपावर छापून देतात, ते खरं का, असं तुम्ही विचारलं होतंत. इथे इंग्लंडमध्ये आडनावाला चिन्ह नसतंच. लंडनची कॉलेज ऑफ आर्म्स ही कुलचिन्हांची संस्था ते एखाद्या माणसाला देते आणि त्याच्या वंशजांकडे ते वारशाने जातं. नुसतं आडनाव जुळून भागत नाही. तेव्हा तो कप चहापुरता ठीक.

शेक्सपिअरची गोष्ट मात्र तुम्हाला सांगायलाच हवी. त्याचे वडील जॉन स्ट्रॅटफर्डला हातमोजे बनवायचे. कुलचिन्हासाठी त्यांनी आधी एकदा खटपट केली होती, पण पैशाची ओढाताण सुरू झाली आणि ते राहून गेलं. ऑक्टोबर 1596 मध्ये ते मंजूर झालं, वडिलांच्याच नावाने. पाठपुरावा मात्र लंडनच्या रंगभूमीवर जम बसलेल्या मुलाने केला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सोनेरी ढाल, तिच्यावर तिरपा काळा पट्टा, पट्ट्यात रुपेरी टोकाचा भाला. ढालीच्या वर भाला धरलेला ससाणा. सिंह नाही की किल्ला नाही. भाला आडनावातलाच, स्पिअर म्हणजे भाला! मसुद्यावर 'हक्काशिवाय नाही' अशा अर्थाचं फ्रेंच वाक्यही होतं. तरी 1602 मध्ये एका अधिकाऱ्याने कुरकुर केलीच, की नटाबिटांना कसली चिन्हं देता!

पण आई, त्याच 1596 च्या ऑगस्टमध्ये शेक्सपिअरचा एकुलता मुलगा, हॅम्नेट, अकराव्या वर्षी गेला होता. मागे राहिल्या दोन मुली. इथल्या रिवाजाने लग्नाआधी मुलगी वडिलांचं चिन्ह ढालीवर नाही, चौकोनी शंकरपाळ्याच्या आकारात लावते. तिला भाऊ नसला आणि नवऱ्याकडे स्वतःचं चिन्ह असलं, तर तिची मुलं आजोबांचं चिन्ह आपल्या ढालीच्या एका भागात घेऊ शकतात. शेक्सपिअरच्या बाबतीत तेही फार टिकलं नाही. शेवटची नात 1670 मध्ये निपुत्रिक वारली.

हे वाचल्यापासून आपल्या देवकाचं मनात येतंय. सोयरीक जुळवताना तुम्ही ते आधी विचारलंत, लग्नात पूजलंत, आणि मी सासरच्या देवकाची झाले. माहेरच्या पंचपल्लवातली पाचही पानं मला आठवत नाहीत. आई, ती तुझ्या अक्षरात लिहून पाठव. लेकाला सांगायची आहेत.

बाबा, गुडघ्याचा शेक चालू ठेवा.

तुमची लेक