अर्ध्यावर अडकलेला काटा आणि तुमचा ‘टाकी फुल्ल ठेवा’ हा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय

कोल्हापूर, सोमवार, रात्री साडेनऊ

विषय : २०१२ च्या डिझेल गाडीचे मीटर. जॉब कार्ड तीन, फोन अकरा, काम शून्य.

आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तुमच्या ग्राहक सेवेशी माझा अकरावा फोन संपला. मी ठेवला नाही, तिकडूनच ठेवला गेला. म्हणून हे पत्र.

गाडी तुम्हीच बनवलीय, त्यामुळे मीटरच्या मागे काय असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. पण तुमच्या हायवेवरच्या वर्कशॉपला ते कुणीतरी सांगायला हवं होतं.

फेब्रुवारीत डिझेलचा काटा अर्ध्यावर अडकला. टाकी भरली तरी अर्धी, तळाला गेली तरी अर्धी. वर्कशॉपने गाडी चार दिवस ठेवून घेतली, ‘टाकीतला फ्लोट गेलाय’ म्हणून, म्हणजे डिझेलची पातळी काट्याला कळवणारा तरंगता भाग गेलाय म्हणून, ५,८६० रुपयांचा नवा फ्लोट बसवला. कावळा नाक्यापर्यंत आलो, काटा अर्ध्यावरच. फोन केला तर म्हणाले, ‘सेट व्हायला थोडा वेळ लागतो सर.’ दही लावलंय काय? जुना फ्लोट परत मागितला, तर तो स्क्रॅपला गेला होता.

मी गुळाचा अडत्या आहे. मार्केट यार्डात आमचाही एक काटा आहे. त्याची दरवर्षी तपासणी होते, शिक्का बसतो, आणि गुळाच्या एका रव्यामागे, म्हणजे ढेपेमागे, शंभर ग्रॅम इकडचं तिकडं झालं तर शेतकरी चारचौघांत आमची इज्जत काढतो. काढलीच पाहिजे. तुमच्या काट्यावर माझी ८१ वर्षांची आई भर पावसात गगनबावड्याच्या रस्त्यावर अडकली, तेव्हा इज्जत कुणाची काढायची ते मला कळेना.

जुलैतली गोष्ट. साळवणच्या पुढे गाडीने दोन गचके दिले आणि बंद पडली. काटा ऐटीत अर्ध्यावर. तिकडचा जुलैचा पाऊस म्हणजे काय हे तुमच्या एसी केबिनमध्ये समजायचं नाही. शिवाय डिझेल गाडी कोरडी पडली की नुसतं डिझेल ओतून भागत नाही, लाइनमध्ये हवा धरते, ती काढावी लागते. अडीच तास गेले. आई मागच्या सीटवरून एवढंच म्हणाली, ‘गाडीत त्याल किती हाय त्ये बी कळंना व्हय रं तुला?’

त्यानंतर स्पीडचा काटा चाळीसवरून एकदम नव्वदवर उड्या मारायला लागला आणि टेंपरेचरचा काटा तर झोपलाच. गुऱ्हाळावर गुळव्याला थर्मामीटर लागत नाही. काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो आणि सांगतो, झाला का नाही. मी घाटात बॉनेट उघडून काय वळून बघू? इंजिन तापून हेड गॅस्केट उडालं असतं, तर त्याचं इस्टिमेटही तुम्ही हसत हसत काढलं असतं.

आता वर्कशॉप म्हणालं, अख्खं मीटर बदला. ३१,४५० रुपये. त्यातले १२,००० अ‍ॅडव्हान्स घेतले आणि अकरा आठवडे ‘पार्ट येतोय’ चाललं. शेवटी जो आला तो पेट्रोल गाडीचा. आरपीएमचा लाल पट्टा साडेसहा हजारांवर आणि डिझेल गाडीला लागणारा हीटर प्लगचा दिवा मुळात नाहीच! मी दाखवलं, तेव्हा तुमचा अ‍ॅडव्हायझर म्हणतो, ‘बसेल की सर, सॉकेट सेम आहे.’ गाडी १,३८,००० किलोमीटर चाललीय, नव्या मीटरवर शून्य दिसणार. आधीचं रीडिंग लेटरहेडवर लिहून द्या म्हटलं, तर ‘तसं लेटर आम्ही देत नाही.’ म्हणजे उद्या गाडी विकायला काढली की मीटर मागे फिरवणारा चोर मी ठरणार.

आता आजचा फोन. मराठीसाठी तीन दाबलं. नऊ मिनिटं तुमच्या जाहिरातीचं गाणं ऐकलं. मग एका मुलीने फोन घेतला, सतरा आकडी-अक्षरी चॅसिस नंबर दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, ‘गाडी सुरू होते ना सर?’

होते म्हटलं.

‘मग वाहन चालू स्थितीत अशी नोंद करते.’

मी म्हटलं, बाई, गाडी चालू आहे, काटे बंद आहेत. त्यात तेल किती आणि ती तापली किती, हेच कळत नाही.

मिनिटभर शांतता. कुणाला तरी विचारत असावी. मग अगदी लाडात येऊन, ‘काका, तुम्ही एक करा ना. टाकी कायम फुल्ल ठेवत जा. म्हणजे काटा बघायची गरजच पडणार नाही.’

आधी सर होतो, आता काका. काका म्हणण्याचं मला वाईट वाटत नाही, अर्धं मार्केट यार्ड म्हणतं. पण या हिशेबाने पगार रोज झाला तर खिसा बघायची गरज नाही. मी विचारलं, आणि टेंपरेचरचं काय करू, रेडिएटरही फुल्ल ठेवू? तर म्हणाली, ‘हो काका, कूलंट चेक करत राहा.’ वरिष्ठांना फोन द्या म्हटलं. ‘वरिष्ठ मीटिंगमध्ये आहेत.’ मी म्हटलं, मीटरच्याच मीटिंगमध्ये असतील. तेवढ्यात फोन कट. दोन मिनिटांत मेसेज : ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.’

कुणाचं समाधान झालं, त्याचं नाव कळवा. मी पेढे घेऊन येतो.

चिडून थेट उद्यमनगर गाठलं. मिस्त्रीने मागच्या सीटखालचा फ्लोटचा प्लग काढला आणि म्हणाला, ‘मालक, काट्याकडं बघा.’ काटा हलायला हवा होता, जागचा हलला नाही. प्लगमधल्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या, तरी हलला नाही. ‘फ्लोटचा काय संबंधच न्हाई. मीटरातच हाय.’ दोन मिनिटांचं काम. तुमच्या कंपनीत शिकून आलेल्या लोकांनी हेच केलं असतं, तर माझे ५,८६० वाचले असते. मग मीटर उघडलं. एकेका काट्यामागच्या छोट्या मोटरच्या पायांचे सोल्डर बारा वर्षांहून जास्त ऊन आणि धक्के खाऊन तडकले होते. ते तडकलेले सांधे त्याने भिंगातून मलाही दाखवले. नवं सोल्डर मारलं. दीड तास, ९०० रुपये, चहा त्याच्याकडूनच. किल्ली फिरवली तसे तिन्ही काटे हलले आणि डिझेलचा सरळ खाली, लाल रेषेला टेकला. खरं बोलला एकदाचा. पहिला पंप गाठेपर्यंत जीव मुठीत.

तर ९०० रुपयांच्या कामाला ३१,४५०. आणि तो फ्लोट, जो चांगला होता आणि जो तुम्ही भंगारात घातला.

माझे अ‍ॅडव्हान्सचे १२,००० आणि फ्लोटचे ५,८६०, एकूण १७,८६० रुपये, पंधरा दिवसांत खात्यावर जमा करा. पावत्या आणि जॉब कार्डं जोडली आहेत. नाही केले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. एवढ्या रकमेला फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मला घाई नाही. गुळाचा हंगाम सोडला तर वेळच वेळ आहे.

वडिलांची पहिली गाडी तुमचीच होती. दुसरी तुमची, ही तिसरी. धाकट्या भावाने दसऱ्याला तुमचीच बुक केली होती. परवा मी ते बुकिंग रद्द करायला लावलं. वाईट वाटलं, पण लावलं.

गाडीच्या आरसीची प्रत सोबत आहे.

— शाहूपुरीतला एक गूळ अडत्या

ता.क. : पेट्रोल गाडीचं ते मीटर अजून वर्कशॉपच्या काउंटरखाली पडलंय आणि ‘पार्ट घेऊन जा’ म्हणून रोज मेसेज येतो. मी येणार नाही. आत्ता लिहितानाच आणखी एक आलाय, आमच्या सेवेला किती स्टार द्याल. यातलाही काटा अर्ध्यावरच ठेवू म्हणता?