वन्यजीव कायद्याचा वर्ग नान्नजच्या माळावर भरवा

मा. संपादक महोदय,
स. न.

माझी नात विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. बार कौन्सिलने पर्यावरण कायदा सक्तीचा केला, हे चांगलेच झाले. पण तिच्या नोट्समध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याला जेमतेम दोन पाने, आणि त्यातही अनुसूची, म्हणजे संरक्षित प्राणी-वनस्पतींच्या याद्या, सहा! 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि अनुसूची चारच राहिल्या, हे नोट्स काढणाऱ्याच्या गावीही नाही. उद्या या मुलांपैकी कोणी सवयीने ‘अनुसूची तीन’ लिहिले, तर तिथे आता प्राणी नाहीत, वनस्पती आहेत.

माझी नोकरी वनपाल म्हणून उत्तर सोलापूर आणि मोहोळच्या माळावर गेली. 1979 साली जाहीर झालेले इथले माळढोक पक्ष्याचे अभयारण्य (नान्नज त्यातच येते) आधी 8,496 चौरस किलोमीटरचे होते, पुढे ते 1,222 वर आले. मधल्या काळात जमिनीचे व्यवहार अडले, त्यामुळे गावोगाव हा कायदा माहीत झाला तो कटकट म्हणूनच. वकीलमंडळींकडेही पक्षकार यायचे ते जमिनीसाठी. काळवीट, लांडगा, घोरपड यांच्या खटल्यांकडे फारसे कोणी वळले नाही. फीही नसते म्हणा त्यात.

गुन्हेगार माळावर सापडतो आणि कोर्टात सुटतो, हे मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून पाहिले आहे. कारणे साधी असतात. मांडूळ साप विकणारी टोळी पोलीस पकडतात, फोटो छापून येतो. पण या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे न्यायालय दखल घेते ती अधिकृत वनाधिकाऱ्याच्या फिर्यादीवर, पोलिसांच्या दोषारोपपत्रावर नाही. ही फिर्याद राहून गेली की पुढचे सगळे मुसळ केरात. याच कलमात साठ दिवसांची नोटीस देऊन कोणाही नागरिकाला फिर्याद करण्याची वाट ठेवली आहे. ती वाट धरलेला माणूस मला तरी भेटला नाही.

पंचनाम्याचे तर विचारू नका. मुद्देमालावर सील कोणी लावले, नमुना डेहराडूनला किंवा हैदराबादच्या प्रयोगशाळेत जाईपर्यंत तो कोणाच्या ताब्यात होता, याची नोंद नसेल तर अहवाल कितीही पक्का असो, उपयोग शून्य. फिर्याद पोलिसांची नसून वनखात्याची, म्हणून साक्षीदाराने आरोप ठेवण्याआधी साक्ष द्यायची आणि आरोप ठेवल्यावर उलटतपासणीसाठी पुन्हा यायचे. तोवर पंच कामासाठी पुण्याला गेलेला असतो, नाहीतर फितूर होतो. नव्या सरकारी वकिलाला ही पद्धत आम्ही खाकीवाल्यांनी कोर्टाच्या व्हरांड्यात समजावून सांगायची! आम्हाला तरी कोणी शिकवली होती? ठेचा खाऊनच शिकलो.

आणि हे शिक्षण फक्त आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून नको. कलम 50 खाली साहाय्यक वनसंरक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली साक्ष पुढे खटल्यात चालते, पण ती आरोपीच्या समोर घेतलेली असावी लागते. कलम 57 प्रमाणे प्राणी ताब्यात सापडला हे सिद्ध झाले, की तो ताबा कायदेशीर होता हे दाखवायचे ओझे आरोपीवर येते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला शिक्षा तीन ते सात वर्षे. अशा वेळी एखाद्या पारधी वस्तीवरचा, कोरा कागद की जबाब हे न कळता अंगठा उठवणारा पोरगा उभा असेल, तर त्याच्या बाजूलाही कायदा नीट वाचलेला वकील हवा. हे मी, आयुष्यभर खाकी घातलेला माणूस, म्हणतो आहे.

नान्नज सोलापुरापासून वीसेक किलोमीटरवर. आपल्या विद्यापीठाने आणि विधी महाविद्यालयांनी मुलांना तिथे न्यावे, पण सहलीला म्हणून नको. माळावर खोटा गुन्हा मांडावा, पंचनामा मुलांकडूनच लिहून घ्यावा आणि नंतर अभिरूप न्यायालयात, म्हणजे सरावाच्या लुटुपुटीच्या कोर्टात, तोच पंचनामा त्यांच्याच मित्रांनी फाडावा. निकाली निघालेल्या खटल्यांच्या नकला अर्ज करून मिळतात, त्या वर्गात वाचाव्यात. वकील संघाने एखादा शनिवार यासाठी काढला, तर वनरक्षकांनाही शेजारी बसवावे. साक्षीदार लागला तर मी येईन, मात्र उलटतपासणी मुलांनी तयारी करूनच घ्यावी.

— एक निवृत्त वनपाल, सोलापूर