अर्जवाल्या, आता मीही

नागपूर,
१२ जून २०२४

प्रिय बाळ्या,

नऊ महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. प्रकृती बरी, गुडघा आहे तसाच. सुमाही ठीक.

काल मी महापालिकेत अर्ज केला बे. मी! तुला 'अर्जवाला' हे नाव मीच ठेवलं होतं. गल्लीतल्या एका नळासाठी तू कार्बन घालून तीन-तीन प्रती काढायचास आणि मी तर्री-पोहे हाणत तुझी नक्कल करायचो, 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर...' काल तेच 'उपरोक्त' माझ्या हातून कागदावर उतरलं. हसायला शेजारी कोणी नव्हतं.

विषय लिहिला होता, 'हवामान बदलाबाबत शहराने दिलेल्या वचनांच्या अंमलबजावणीबाबत.' आवक खिडकीतल्या बाईंनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, "काका, हे वेधशाळेत द्या न." मी म्हटलं, वेधशाळा फक्त मोजते हो. त्यावर मागच्या टेबलावरून आवाज आला, "मोजते कुठं? छप्पन दाखवलं तिनं!" सगळं हापीस हसलं. मीपण हसलो, खोटं कशाला बोलू. ऐन नवतपात, ३० मेला, इथल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश आले होते. सेन्सर बिघडलाय असं हवामान खात्यानं सांगितलं आणि गावाचा जीव भांड्यात पडला. चांगली चाललेली केंद्रं ४४ च्या आसपास दाखवत होती, त्याचं कोणाला काही नाही. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ झालं, तेव्हा तू माझ्याच कूलरपुढे ओला पंचा डोक्यावर घेऊन 'आता हे गाव सोडतो' म्हणाला होतास. सोडलंस पण लेका!

तर मागितलं काय? चंद्र नाही मागितला. २०२१ मध्ये राज्यातली ४३ शहरं 'रेस टू झीरो'त, म्हणजे उत्सर्जन शून्यावर आणायच्या जागतिक मोहिमेत गेली, आपलंही त्यात आहे. मुंबईनं मार्च २०२२ मध्ये स्वतःचा आराखडा काढला, २०५० पर्यंत शून्य उत्सर्जन असं साल घालून. मग आपला आराखडा कुठे आहे, त्यावर साल कोणतं, खर्च कोणत्या शीर्षाखाली, एवढंच विचारलं. उष्णतेचा कृती आराखडा आपल्याकडे कधीचा आहे, पण आमच्या बसथांब्यावर दुपारी बारा वाजता सावली रस्त्याच्या पलीकडे पडते. नगरसेवकाकडे जा म्हणशील. मार्च २०२२ पासून नगरसेवकच नाहीत, प्रशासक आहेत. शिवी द्यायला ओळखीचा माणूस राहिला नाही.

आणि तो कडुनिंब. तुला सांगायला नको कोणता. सिमेंट रोडवाल्यांनी काँक्रीट थेट बुंध्याला भिडवलंय, बोटभर माती ठेवली नाही. मी बसून बघितलं, खोडाची साल सिमेंटमध्ये रुतलीय, घट्ट अंगठी बोटात रुतते तशी. एका बाजूच्या फांद्या वाळल्या. कायद्यात पन्नास वर्षांवरच्या झाडाला आता वारसा वृक्ष म्हणतात. तोडायला परवानगी लागते, गुदमरवायला लागत नाही. हे वाक्य अर्जात घातलं होतं, सुमानं खोडलं.

आता खरं सांगतो, ज्यासाठी नऊ महिने पेन उचललं नाही. मागच्या २३ सप्टेंबरला पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीनं काठ सोडला आणि डागा ले-आउटात आमच्या खालच्या खोलीत कमरेएवढं पाणी. ते सगळं तू टीव्हीवर पाहिलंस, फोनही केलास आणि मी म्हटलं, 'काही विशेष नाही, गाद्या भिजल्या.' पलंगाखालची पत्र्याची ट्रंक पण भिजली होती बाळ्या. तुझी सगळी पत्रं. गडचिरोलीची, बीएडची, मंजूची भानगड असलेली ती बारा पानी. चार दिवसांनी उघडली तर निळ्या लगद्याचा एक गोळा. तो वाळवायला गच्चीवर ठेवला, कशासाठी कोण जाणे. एका कोपऱ्यात 'साल्या' एवढं वाचता येत होतं.

तुला कळवलं असतं तर तू हेच म्हणाला असतास की पाण्याच्या वाटेवर घरं बांधायला कोणी सांगितलं होतं. ब्याण्णव साली म्हणालाच होतास, प्लॉट घेताना. त्यावरून आपण सहा महिने बोललो नव्हतो. तुझं बरोबर होतं. हे पत्र जपून ठेव, पुन्हा लिहून देणार नाही.

गार्गीच्या लग्नाला येतोच, तारीख कळव. काकूंच्या वर्षश्राद्धाला आलो नाही, त्याचं भेटीत बोलू. बीपीची गोळी घे, पुण्यातली हवा खाऊन बीपी उतरत नाही.

निवेदनासोबत माहिती अधिकाराचा अर्जही लावलाय, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून. आवकचा जांभळा शिक्का अर्धवट उमटला, बाईंना म्हटलं अजून एकदा मारा. तुझीच खोड. तीस दिवस ११ जुलैला संपतात. उत्तर येणार नाही असं धरून चालू. पहिल्या अपिलाचा मसुदा तू करून पाठव, माझं 'उपरोक्त' अजून कच्चं आहे.

तुझा,
दिन्या