मर्झूगा सांगून आगाफे दाखवल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : मोरोक्को सहलीतील वाळवंटाचा संपूर्ण टप्पा वगळल्याबाबत, फेझमधील भेटी कापल्याबाबत व परताव्याच्या मागणीबाबत

महोदय,

ऑक्टोबरमध्ये आपल्या कंपनीतर्फे गेलेल्या मोरोक्को सहलीत मी आणि माझ्या जाऊबाई होतो. मर्झूगाला सहारा वाळवंट दाखवण्याचे कबूल करून आम्हाला मराकेशजवळचा आगाफे हा खडकाळ माळ दाखवण्यात आला. सहलीवरून परतल्यावर आपल्या कार्यालयात दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ‘कळवतो’ एवढेच उत्तर मिळाले, म्हणून आता लेखी तक्रार करत आहे.

आधी आपण काय कबूल केले होते ते सांगते. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत फेझनंतर मध्य अ‍ॅटलास पर्वत ओलांडून मिदेल्त, झीझ नदीचे खोरे, एरफूद आणि मर्झूगा असा मार्ग आहे. मर्झूगाला एर्ग शेब्बीच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये तंबूत मुक्काम. दुसऱ्या दिवशी रिसानीचा बाजार आणि सिजिल्मासा या जुन्या व्यापारी नगराचे अवशेष, नंतर तोद्रा घळ, वार्झाझात, ऐत बेनहद्दू आणि शेवटी तिश्का खिंडीतून मराकेश. पत्रिकेत सिजिल्मासाच्या परिच्छेदात चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याचे नाव ठळक अक्षरांत छापले आहे. तो परिच्छेद वाचूनच मी नाव नोंदवले आणि नोंदणीच्या वेळी आपल्या प्रतिनिधीला तसे सांगितलेही होते.

मी छत्रपती संभाजीनगरची. माझी सारी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. मुलांची सहल घेऊन दौलताबादच्या किल्ल्यावर गेले की इब्न बतूताची गोष्ट सांगायचीच. 1304 साली तांजियरला जन्मलेला हा माणूस मुहम्मद तुघलकाच्या दरबारात काझी होता. दिल्लीहून निघून तो आमच्या दौलताबादला आला, आणि तिथल्या अंधारकोठडीतले उंदीर मांजरांपेक्षा मोठे असतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. हे ऐकले की मुले खिदळायची. तोच माणूस पुढे मायदेशी परतला आणि 1352 च्या फेब्रुवारीत सिजिल्मासाहून व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर सहारात शिरला. पंचवीस दिवसांनी तो तघाझा या मिठाच्या खाणींच्या गावी पोचला. तिथली घरे मिठाच्या ठोकळ्यांची आणि छपरे उंटाच्या कातड्याची होती, असे त्याने सांगितले आहे. ज्या गावाच्या वेशीवरून तो निघाला, तिथे एकदा उभे राहायचे होते. पेन्शनमधून वेगळे काढलेले पैसे त्यासाठी होते.

प्रत्यक्षात काय झाले? फेझहून निघायच्या सकाळी सामान बसमध्ये चढल्यावर आपल्या टूर मॅनेजरांनी माइकवर सांगितले की दक्षिणेकडचे रस्ते पावसाने बंद आहेत, त्यामुळे आपण महामार्गाने थेट मराकेशला जात आहोत आणि ‘वाळवंट तिथेच करणार आहोत’. कुठला रस्ता, कधीपासून बंद, कोणी कळवले, यापैकी काहीच सांगितले नाही. कागद नाही, मेसेज नाही, सही नाही. बसमधल्या बहुतेकांना नकाशाची कल्पना नव्हती आणि सगळेच ज्येष्ठ, त्यामुळे कोणी फार विचारले नाही. मी विचारले, तर ‘मॅडम, सेफ्टी फर्स्ट’ असे उत्तर मिळाले.

रस्ता खरोखर बंद असता, तर मी हे पत्र लिहिले नसते. त्या भागात पाऊस आला की कोरड्या ओढ्यांना लोंढे येतात हे मला माहीत आहे, आणि प्रवाशांचा जीव धोक्यात घाला असे कोणीच म्हणणार नाही. पण मराकेशच्या हॉटेलात दुसऱ्याच संध्याकाळी सुरतेचा एक ग्रुप आम्हाला भेटला. ते आदल्या दिवशीपर्यंत मर्झूगालाच होते आणि आमच्या पत्रिकेतल्या रस्त्यानेच आले होते. त्यांच्या मोबाइलमधले तारीख-वेळेसह फोटो मी मागून घेतले आहेत. एका फोटोत वाळूच्या टेकडीच्या धारेवर त्यांच्यातल्या एक आजी अनवाणी बसल्या आहेत, चपला हातात. वर आकाश निरभ्र आहे.

आता आगाफेबद्दल. मराकेशपासून तीस-चाळीस किलोमीटरवरचा हा माळ दगडगोट्यांचा आणि खडकाळ मातीचा आहे. तिथे वाळूच्या टेकड्या नाहीत. तो उच्च अ‍ॅटलासच्या उत्तरेला आहे आणि सहारा सुरू होतो पर्वताच्या पलीकडे, दक्षिणेला. समुद्रावरून येणारे ढग अ‍ॅटलासला अडतात, पलीकडे पाऊस फारसा उरत नाही, पलीकडे वाळवंट असण्याचे हेही एक कारण आहे. तिश्काची 2260 मीटर उंचीची खिंड न ओलांडता मराकेशहून तासाभरात सहारा गाठता येतो, असे सांगणे म्हणजे वेरूळ दाखवतो म्हणून एखाद्याला शहराबाहेरच्या दगडखाणीत नेऊन उभे करणे आहे. आगाफे वाईट नाही. संध्याकाळी तो माळ तांबूस होतो, समोर अ‍ॅटलासची रांग दिसते, आणि आगाफे म्हणून दाखवले असते तर मी आवडीने पाहिले असते. पण एर्ग शेब्बीच्या टेकड्या सुमारे 150 मीटरपर्यंत उंच आहेत, त्यांची रांग कित्येक किलोमीटर पसरलेली आहे. या दोन गोष्टी एकीऐवजी दुसरी अशा देता येत नाहीत.

तिथे आम्हाला डांबरी रस्त्याच्या कडेने उंटावरून एक फेरी मारून आणली, तंबूत जेवण दिले आणि रात्री पुन्हा हॉटेलवर नेले. तंबूतला मुक्कामही झाला नाही. आपले टूर मॅनेजर सगळ्यांना ‘हा सहारा’ असेच सांगत होते. आमच्या शेजारच्या खुर्चीवरचे नागपूरचे काका, वय ऐंशीच्या पुढे, त्यांनी नातवाला व्हिडिओ कॉल लावला, फोन चारी बाजूंना फिरवला आणि म्हणाले, “बघ बेटा, आजोबा सहारात आलेत.” मी गप्प बसले. त्यांचा आनंद मोडायचे धैर्य मला झाले नाही. पण त्या वयाच्या माणसाला खोटे सांगून पाठवले, याचा राग मला अजून आहे, आणि माझ्या पैशांपेक्षा तो मोठा आहे.

फेझबाबतही तक्रार आहे. पत्रिकेत जुन्या शहरासाठी पूर्ण दिवस आणि बू इनानिया व अत्तारीन या दोन मदरशांच्या आतल्या भेटी लिहिल्या होत्या. बू इनानिया बांधणारा सुलतान अबू इनान यानेच इब्न बतूताला आपल्या प्रवासाचा वृत्तांत सांगायला लावला आणि तो फेझमध्येच 1355 साली लिहून पूर्ण झाला. सिजिल्मासा गेलेच, निदान ही वास्तू तरी पाहायला हवी होती. सकाळी स्थानिक मार्गदर्शकांनी सुरुवात फार सुंदर केली. गळ्यात अधिकृत बिल्ला, अंगात जेलाबा म्हणजे टोपीचा लांब अंगरखा, मागून लादलेले गाढव आले आणि हाकणाऱ्याने ‘बालाक, बालाक’ (बाजूला व्हा) अशी हाक दिली की आम्हाला भिंतीशी घेणारे, शांत आणि जाणकार गृहस्थ. करावीन मशिदीच्या दारातून आतले अंगण दाखवताना, इसवी सन 859 मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईंनी ती उभी केली असे मानतात, हे त्यांनी किती अभिमानाने सांगितले! पण चौआरा ही चामडे कमावण्याची जागा पाहून झाल्यावर आपल्या टूर मॅनेजरांनी कार्यक्रम हातात घेतला. आधी चामड्याचे दुकान, मग गालिचांचे. गालिचांच्या दुकानात पुदिन्याचा चहा देऊन दारे लावून घेतली आणि एकामागून एक गालिचे उलगडत राहिले. अर्धी दुपार तिथेच गेली. मार्गदर्शक दोनदा घड्याळ दाखवून गेले. बाहेर पडलो तेव्हा मदरशांची वेळ संपली होती. दोन्ही मदरसे आम्ही बंद दारांवरूनच पाहिले. गालिचाची खरेदी पत्रिकेत कुठेही नाही.

जेवण आणि हॉटेलांबद्दल तक्रार नाही. बसचे ड्रायव्हर भाऊ तर उत्तमच होते, जाऊबाईंचा गुडघा दुखतो हे लक्षात ठेवून रोज पायरीशी पाट ठेवायचे. त्यांच्यासाठी आणि मार्गदर्शकांसाठी आपण टिपची रक्कम प्रत्येकाकडून नोंदणीच्याच वेळी घेतली होती. ती त्यांना दिल्याची पोचपावती मला हवी आहे.

आपल्या अटींमध्ये ‘अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील’ असे वाक्य आहे, आणि फोनवर मला तेच वाचून दाखवण्यात आले. त्यातला ‘अपरिहार्य’ हा शब्द आपल्यालाही बांधील आहे. कारण अपरिहार्य होते, हे आपण पुराव्याने दाखवायचे आहे. आणि बदल खरोखर करावाच लागला असता, तरी मर्झूगाचा मुक्काम, तोद्रा, वार्झाझात, ऐत बेनहद्दू एवढे सगळे वगळल्यावर वाचलेला खर्च प्रवाशांना परत द्यायला नको का?

म्हणून माझी मागणी अशी. त्या सकाळी कोणता रस्ता बंद होता आणि ती माहिती कोणाकडून मिळाली, हे कागदपत्रांसह लेखी कळवावे. वगळलेल्या सर्व मुक्कामांचा, वाहतुकीचा आणि प्रवेशशुल्कांचा तपशीलवार हिशेब द्यावा आणि ती रक्कम केवळ आम्हा दोघींना नव्हे, त्या बसमधल्या प्रत्येकाला परत करावी. आणि पुढच्या सहलींच्या जाहिरातीत आगाफेला सहारा म्हणणे आणि त्याच्या शेजारी एर्ग शेब्बीचे फोटो छापणे ताबडतोब थांबवावे. नव्या पत्रिकेत ‘मराकेश सहारा अनुभव’ या नावाखाली असे फोटो आहेत, ते मी कालच पाहिले. ही शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पुढच्या बसमध्येही असेच कोणीतरी आयुष्यभराची पुंजी खर्चून बसलेले असेल.

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या कारणांखाली मी माझ्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. बसमधील इतर प्रवाशांपैकी काहींनी सोबत यायचे कबूल केले आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
(सही)
निवृत्त शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर

सोबत : मूळ कार्यक्रमपत्रिका, नोंदणीच्या व टिपच्या पावत्या, आगाफे येथील आमचे फोटो, त्याच आठवड्यातील मर्झूगाचे तारीखवार फोटो (सुरतेच्या प्रवाशांच्या संमतीने)