बाबांच्या कानाची मशिनं

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, आधीच सांगते, कानाची मशिनं ठरवून टाकलीत. दोन्ही कानांची. न विचारता ठरवलं म्हणून रागावाल, पण "बघू पुढे" आपल्याकडे किती वर्षं चाललंय ते आईला विचारा.

तुमच्या तपासणीचा आलेख नीट पाहिला. आवाजाची पट्टी हर्ट्झमध्ये मोजतात; १००० हर्ट्झपर्यंत रेघ ठीक आहे, ४००० ला धाडकन खाली येते, म्हणजे तिथे ऐकू कमी येतं. नुसत्या वयाने कान गेला असता तर रेघ ८००० पर्यंत उतरतच गेली असती. तुमची ४००० ला खड्ड्यात जाऊन ८००० ला परत थोडी वर येते, म्हणजे यात वर्कशॉपमधल्या ग्राइंडरचा मोठा वाटा आहे. कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाहीये. त्याच ग्राइंडरवर आम्ही तिघं शिकलो.

आई, तू पुटपुटत नाहीस आणि बाबाही मुद्दाम दुर्लक्ष करत नाहीत. स, फ, थ असे वर्ण वरच्या पट्टीतले, तेच त्यांच्या कानातून गळतात. 'सात' आणि 'हात' त्यांना एकच वाटतं. ओरडलीस की स्वर मोठे होतात, नेमके हे वर्ण मागेच राहतात. म्हणून टीव्ही बंद करून, समोर येऊन, सावकाश बोल.

कानामागची मशिनं घेतली, कारण बाबांच्या बोटांना बारकी बॅटरी उचलणं जमणार नाही. यांची बॅटरी १३ नंबरची, नारिंगी स्टिकरची. स्टिकर काढल्यावर दोनेक मिनिटं हवा लागू द्या, मग बसवा. एकदा काढलेला स्टिकर परत चिकटवून फायदा नाही, ती वापरात नसली तरी उतरत जाते. रात्री बॅटरीचं झाकण उघडं ठेवून मशिनं सिलिका जेलच्या डबीत. नातवंडं आली की बॅटऱ्या वरच्या फळीवर, गिळली तर जिवावर बेततं.

पहिल्या आठवड्यात शांत खोलीत रोज दोन-तीन तासच घाला. कागद चुरगळल्याचा आवाज कर्कश वाटेल, स्वतःचा आवाज घुमेल. मेंदूला सवय व्हायला एक-दोन महिने लागतात. म्हणून खणात ठेवायची नाहीत बाबा, प्लीज. शिट्टी वाजली तर आधी मशिनचा कानात बसणारा साचा नीट बसलाय का बघा; तरीही वाजली तर कानात मळ असेल. तो डॉक्टरांकडूनच काढायचा. काडीने तो आणखी आत ढकलला जातो.

लहानपणी जिन्यावरच्या नुसत्या पावलांवरून तुम्ही ओळखायचात, मी आले की दादा. ते मला अजून हवंय.

आता वर्कशॉप. बंद करा असं मी म्हणणार नाही, तुमचा जीव त्यात आहे. पण ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागलं तर गोंगाट जास्त, ही खूण तुम्हीच आम्हाला सांगायचात. आता तुमच्या कानांवर ती चालणार नाही. म्हणून ग्राइंडर सुरू करण्याआधी मशिनं काढून डबीत ठेवा आणि कान झाकणारे इअरमफ चढवा. बंद मशीन कानात असलं म्हणजे संरक्षण झालं असं नाही. चष्म्याच्या जाड काडीने मफच्या गादीखाली फट राहते आणि आवाज तिथूनच शिरतो. तसा चष्मा असेल त्या दिवशी फोमचे बोळे घाला: बारीक वळून, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचा. बराचसा बाहेर दिसला तर बसलेला नाही, परत घाला.

आई, तुझीही तपासणी लावली आहे. टाळाटाळ नको.

आणि दोघांपैकी कुणाचाही कान एकाएकी बंद झाला, तर सर्दी असेल म्हणून वाट बघायची नाही. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं, औषधाचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो. मग मला फोन करा, कितीही वाजले असले तरी.

तुमची,
मनू