चौसिंगा आणि तुझी मोरी

सातारा,
रविवार

प्रिय बंड्या,

पत्र पोचलं. लक्षद्वीपात कवरत्तीला गुडघाभर पाण्यात काळ्या टोकाच्या पंखाची मोरी, म्हणजे शार्क, तुझ्या पायाजवळून गेली, हे ऐकून आई एवढंच म्हणाली, "त्याला म्हणावं, सुट्टी काढून घरी ये."

पण "तुझा चौसिंगा भित्रा, माझी मोरी शिकारी" हे तुझं वाक्य मला काही पटलं नाही बघ.

आधी हे, की चौसिंगा म्हणजे भेकर नव्हे. आपल्या कोयनेच्या रानात ओरडतं ते भेकर. ते हरीण, त्याची शिंगं गळून पुन्हा उगवतात. चौसिंगा हा कुरंग (अँटिलोप), त्याची शिंगं कायमची. चार शिंगं असतात ती फक्त नराला, आणि पुढची जोडी कधीकधी नुसत्या गाठींएवढीच. मी ताडोबात पाहिला तो शेळीएवढा होता, वजन असेल वीसेक किलो. हा कळप करत नाही, पाणवठ्यापासून फार लांब जात नाही आणि लेंड्याही ठरलेल्या जागी टाकतो. पक्का घरकोंबडा!

आता तुझी मोरी. पूर्ण वाढली तरी दीडेक मीटर, वजनाला चौसिंग्याहून हलकीच. पॅसिफिकमधल्या पाल्मायरा बेटाजवळ संशोधकांनी या जातीचा माग काढला, तर एकेकीचा वावर जेमतेम अर्ध्या चौरस किलोमीटरचा निघाला! शिवाय ती अंडी घालत नाही. पोटात नाळेवर वाढलेली दोन ते पाच पिल्लं जन्माला घालते. मोठे शार्क आणि गोब्रे पिल्लांना खातात, म्हणून ती उथळ पाण्यात राहतात. तुझ्या पायाशी आलेलं बहुधा असंच एखादं पिल्लू असणार. शिकारी कसली, तेच जीव मुठीत धरून फिरत होतं.

खरा फरक वेगळाच आहे. चाहूल लागली की चौसिंगा उंच गवतात आधी थिजून उभा राहतो, त्यावरच बऱ्याचदा निभावतो. मोरीला थांबून चालतच नाही. पोहत राहिली तरच कल्ल्यांतून पाणी वाहतं आणि श्वास चालतो. जाळ्यात अडकली की संपली.

निसर्ग जपण्याचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेने दोघांनाही 'असुरक्षित' ठरवलंय. एकाचं रान तुटतंय, दुसरीच्या किनाऱ्यालगत जाळी वाढतायत. पिल्लं मुळातच थोडी, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही.

मे महिन्यात ये. उन्हाळ्यात पाणवठ्यावर चौसिंगा दिसायची शक्यता जास्त. महाराष्ट्र एक्सप्रेसने वर्ध्यापर्यंत जाऊ, पुढे चंद्रपूर. रजेचं नक्की कळव, म्हणजे तिकिटं काढतो.

तुझाच,
दत्ता